नकाराचा मसुदा

सरांनी घटक चाचणीच्या उरलेल्या प्रश्नपत्रिकेची कोरी बाजू वर केली, पेनाचं टोपण काढून मागे खोचलं आणि डाव्या हाताने कागदाचा कोपरा दाबून धरला. शिक्षकखोलीतला पंखा एक तर बंद असायचा, नाही तर वादळासारखा सुटायचा. मधल्या सुट्टीची वीस मिनिटं होती. त्यातली सहा भाऊसाहेबांनी दारात उभं राहून खाल्ली होती.

"बसा ना," सर म्हणाले.

"बसलो की तुम्ही गप्पा काढता. आधी लिहा."

भाऊसाहेब शाळेचे हेडक्लार्क. त्यांना पत्रव्यवहाराचे सगळे नमुने पाठ होते, पण नमुन्याबाहेरचं एक वाक्य जुळवायचं म्हटलं की त्यांना घाम फुटायचा. मग ते सरांकडे येत. ते एकटेच नव्हते. निरोप समारंभाचं मानपत्र असो, शोकठराव असो की एखाद्या चिडलेल्या पालकाला पाठवायचं गोड उत्तर, शाळेतला प्रत्येक कागद आधी सरांच्या हाताखालून जायचा. सर भाषा शिकवत, आणि शाळा त्यांना मसुदे सर म्हणायची. इतकी वर्षं म्हणायची, की एकदा खुद्द अध्यक्षांनी व्यासपीठावरून त्यांचा तसा उल्लेख केला आणि ते कुणाला खटकलं नाही. सरांनाही नाही.

"चित्रकलेच्या बाईंच्या वेळचं नकारपत्र फाइलला असेल," सर म्हणाले. "त्याचीच नक्कल केली तर?"

"तसं चालत नाही आता. खात्यात नव्या अधिकारी बाई आल्यात. ओळ न् ओळ वाचतात. शिपायाचा रजेचा अर्ज परत पाठवला, का, तर वर एक तारीख आणि खाली दुसरी. आणि नकारपत्र म्हटलं की जास्तच बारकाईनं. बाईमाणसानं खरंच स्वतःहून नकार दिलाय की कुणी द्यायला लावलाय, ते बघतात. बाईंच्या हस्ताक्षरात हवं, बाईंच्या स्वतःच्या शब्दांत हवं."

"मग बाईंनाच लिहू द्या."

"अहो, स्वतःच्या शब्दांत हवं म्हणून तर तुमच्याकडे आलो," भाऊसाहेब म्हणाले. आपण काय बोललो हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. सर हसले, मग हसू आवरून कागदाकडे वळले.

मुख्याध्यापक निवृत्त होऊन सात महिने झाले होते. सेवाज्येष्ठतेच्या यादीत पहिलं नाव गणिताच्या बाईंचं होतं आणि दुसरं सरांचं. दोन दिवसांपूर्वी अध्यक्षांनी सरांना बोलावून घेतलं. खुर्ची दिली, चहा दिला. म्हणाले, बाई नको म्हणतायत, घरचं बघायचंय त्यांना, आपण बळजबरी कशी करणार. मग खालोखाल तुम्हीच. तुमच्यासारखा सरळ माणूस बसला की आम्हालाही घोर नाही. सर म्हणाले, बघतो. गणिताच्या बाई असं कुणाला म्हणाल्या, कधी म्हणाल्या, हे विचारायचं त्यांच्या ओठांवर आलं होतं. पण चहा गरम होता आणि त्यांनी कप ओठांना लावला.

पेन चालू लागलं. सरांचं असंच होतं. पहिलं वाक्य सापडेपर्यंत जीव नकोसा व्हायचा, ते सापडलं की पुढची आपल्या पायांनी यायची.

'सेवाज्येष्ठतेनुसार मुख्याध्यापकपदासाठी माझे नाव प्रथम क्रमांकावर आहे, याची मला पूर्ण जाणीव आहे. तथापि, कौटुंबिक जबाबदाऱ्या लक्षात घेता या पदाला आवश्यक तेवढा वेळ देणे मला शक्य होणार नाही. सबब, कोणाच्याही दबावाविना, पूर्ण विचारान्ती आणि स्वखुशीने मी या पदास नकार देतो.'

भाऊसाहेबांनी कागद उचलून भराभर नजर फिरवली. 'स्वखुशीने'वर बोटाने टिचकी मारली.

"वा! हे झकास. दगडाला पाझर फुटेल."

घंटा झाली. सरांनी टोपण लावलं.

"तुम्हीच नेऊन द्या," भाऊसाहेब कागद परत देत म्हणाले. "मी दिला की बाई मला फाडून खातात."

गणिताच्या बाई जिन्याखालच्या मोकळ्या जागेत बसत. मुख्याध्यापकांच्या खोलीला कुलूप होतं. किल्ली भाऊसाहेबांकडे असायची आणि शिपाई रोज सकाळी आतली खुर्ची पुसून दार पुन्हा लावून घ्यायचा. सात महिने शाळा चालत होती ती जिन्याखालच्या या टेबलावरून. कोण रजेवर, कुणाचा तास कुणी घ्यायचा, कुठल्या वर्गाचं बाक मोडलं, तपासणीला कुठले तक्ते लागतील, सगळं इथे. टेबलाचा एक पाय आखूड होता. त्याखाली बाईंनी रद्द झालेल्या पाठ्यपुस्तकाची दोन पानं घडी करून घातली होती. वरून पोरं जिना उतरायची तेव्हा टेबलावर बारीक माती पडायची. बाई ती हाताच्या कडेने निपटून टाकत आणि पुढचा आकडा मांडत.

"आणलंत?" बाईंनी मान वर न करता विचारलं.

"भाऊसाहेब म्हणाले, की तुम्ही... म्हणजे तुमचीच इच्छा असेल तर."

"माझी इच्छा? ती कुणी विचारली? तुम्ही?"

सरांनी कागद टेबलावर ठेवला आणि उगाचच सरळ केला. बाईंनी कानामागची पेन्सिल काढली. त्यांची वाचायची ती रीत होती. वही असो की परिपत्रक, पेन्सिलीचं टोक ओळीखालून सरकत जायचं.

"कौटुंबिक जबाबदाऱ्या," बाईंनी मोठ्याने वाचलं. "सर, माझ्या घरी एक कुंडी आहे. तिलासुद्धा एक दिवसाआडच पाणी लागतं."

"तसं लिहायची पद्धत आहे."

"पद्धत आहे खरी. पुरुषाचं नकारपत्र असतं तर काय लिहिलं असतंत?"

सरांनी खरोखरच विचार केला. "प्रकृती."

"हां. पुरुषांना प्रकृती असते, बायकांना कुटुंब असतं." बाई हसल्या नाहीत. "चित्रकलेच्या बाईंना तुम्ही सासू दिली होतीत. अंथरुणाला खिळलेली. ती म्हातारी अजून पहाटे फिरायला जाते."

सरांनी खाली पाहिलं. टेबलाच्या पायाखालचं पान बैजिक राशींचं होतं.

"बाई, तुम्ही पत्राला नाही म्हणालात तर कुणी काही करू शकत नाही. यादी यादी आहे."

"आणि माझी भाची?"

बाईंची भाची शाळेच्या प्राथमिक विभागात होती. सगळे तिला धाकट्या बाई म्हणत. पाच वर्षं ती तात्पुरती. दर सुट्टीत तिची ऑर्डर संपायची आणि सुट्टीनंतर नवी निघायची, म्हणजे सलग नोकरी अशी कागदावर कधी व्हायचीच नाही. आता तिला सातवा महिना होता. तात्पुरत्या बाईला बाळंतपणाची रजा नसते. ती घरी बसते आणि तिच्या जागी दुसरी तात्पुरती येते.

"काल भाऊसाहेब निरोप घेऊन आले होते," बाई म्हणाल्या. "माझं पत्र हातात पडलं की त्याच मिनिटाला तिची कायमची ऑर्डर. टाइप करून, सही करून, शिक्का मारून तयार आहे. मी नाही दिलं, तर तिनं सुट्टीनंतर यायची गरज नाही." त्यांनी पेन्सिल बोटांत फिरवली. "तेव्हा तुमचं बरोबर आहे. कौटुंबिकच झालं की हे."

वरून कुणीतरी धावत उतरलं. माती पडली. बाईंनी कागद उचलून झटकला आणि पहिल्यापासून पुन्हा वाचायला घेतला. पेन्सिल सावकाश सरकत गेली. शेवटच्या ओळीच्या शेवटी ती थांबली. सरांना वाटलं, नेहमीपेक्षा जरा जास्तच थांबली.

"काही चुकलंय का?"

बाईंनी वर पाहिलं. त्या सरांकडे बघत होत्या, पण अवघड गणित फळ्यावर मांडून झाल्यावर माणूस मागे सरून बघतो तसं.

"छे. तुमच्यात काय चुकणार," त्या म्हणाल्या. "एक अक्षर इकडचं तिकडे करणार नाही मी. जसंच्या तसं उतरवते. उद्या सकाळी भाऊसाहेबांच्या हातात."

सरांना त्याही स्थितीत बरं वाटलं. आपलं वाक्य कुणी न बदलता घेतलं की त्यांना नेहमीच बरं वाटायचं. वर्गाकडे जाताना त्यांना त्याची थोडी लाज वाटली, आणि मग वर्ग आला.

संध्याकाळी त्यांची बायको पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. सर खुर्चीत बसून बूट काढत होते.

"मग? झालात की नाही मुख्याध्यापक?"

"कागद जायचेत अजून."

"बाई खरंच नको म्हणाल्या?"

"लिहून देतायत तसं."

"मी ते नाही विचारलं."

सरांनी नाडीची गाठ सोडवायला घेतली. ती सुटलेलीच होती.

"मसुदा तुम्हीच केला असणार," बायको म्हणाली. "माझाही तुम्हीच केला होता. राजीनाम्याचा."

"किती वर्षं झाली त्याला."

"झाली असतील. पण काय लिहिला होतात! 'गृहकर्तव्याच्या हाकेला ओ देताना'. मुख्याध्यापिका बाईंनी सगळ्यांसमोर वाचून दाखवला. सगळ्या रडल्या. मीही रडले. मग घरी आले आणि सासूबाईंचं अंथरूण बदललं, आणि लक्षात आलं, की अरे, मला तर नोकरी सोडायचीच नव्हती." तिने उशीचा अभ्रा झटकला. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. एखाद्या जुन्या प्रवासात कुठली गाडी चुकली ते सांगावं तसं ती बोलत होती. "बाईंचा कसा लिहिलात? म्हणून दाखवा."

सरांना स्वतःचं लिहिलेलं पाठ असायचं. त्यांनी घसा साफ केला आणि हळू आवाजात म्हणायला सुरुवात केली. जाणीव आहे, शक्य होणार नाही, सबब. वाक्य छान तोलून आलं होतं, हे त्यांना म्हणतानाही जाणवलं. "...पूर्ण विचारान्ती आणि स्वखुशीने मी या पदास नकार देतो."

"देतो?"

"काय?"

"बाई कशा 'देतो' म्हणतील? देते!"

सर बायकोकडे बघत राहिले. ती हसायला लागली. अभ्रा तोंडावर धरून हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "अहो मसुदे सर! पोरांना याच्यासाठी अंगठे धरायला लावत होतात ना तुम्ही?"

सर उठले. पिशवीतून वही काढली, उघडली, मिटली. मसुदा त्यांच्याकडे नव्हताच. पण ते अक्षर त्यांना लख्ख दिसत होतं. ते तिथे कसं आलं हेही हळूहळू दिसायला लागलं. दोन दिवस, येता जाता, वर्गात मुलं लिहीत असताना, ते मनातल्या मनात दुसरंच एक पत्र जुळवत होते. 'मी या पदाचा नम्रपणे स्वीकार करतो.' नम्रपणे ठेवावं की कृतज्ञतापूर्वक, एवढंच ठरायचं होतं. त्यांनी ते बायकोला सांगितलं नाही.

"बाईंनी पाहिलं नाही?" हसू ओसरल्यावर बायकोने विचारलं.

"त्या गणिताच्या आहेत."

बायकोने अभ्र्याची घडी घातली. मग ती मोडून पुन्हा घातली.

"हो का," ती म्हणाली.

"हसतील त्यांना खात्यात. माझ्यामुळे. सव्वीस वर्षांची नोकरी त्यांची, आणि कागदावर..."

"हसू देत. हसल्यानं काय होतं कुणाला?"

"तुला नाही कळायचं," सर म्हणाले. पत्र सकाळीच जाणार होतं. उद्या लवकर निघायला हवं, असं ते दोनदा मोठ्याने म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते पोचले तेव्हा प्रार्थना व्हायची होती. कार्यालयात भाऊसाहेब डिंकाच्या बाटलीतून ब्रश काढत होते. समोर पाकीट होतं, त्याचं तोंड नुकतंच चिकटवलेलं. शिपाई सायकलची किल्ली बोटात घालून उभा होता.

"थांबा," सर म्हणाले. त्यांना दम लागला होता. "पत्रात चूक आहे."

"कसली चूक? अक्षर मोत्यासारखं आहे. पत्र घेतलं, भाचीची ऑर्डर दिली, पोच घेतली. सगळं जिथल्या तिथे."

"शेवटचा शब्द. देतो लिहिलंय. देते हवं."

भाऊसाहेबांना पहिल्यांदा कळलंच नाही. मग ते हसले. "एवढंच ना! कोण वाचतंय."

"तुम्हीच म्हणालात, ओळ न् ओळ वाचतात."

भाऊसाहेबांचा ब्रश बाटलीवर तसाच राहिला. सरांनी त्यांच्या चेहऱ्यावरून हसू उतरताना पाहिलं. "देतो," ते स्वतःशी म्हणाले. "म्हणजे विचारणार, की बाई, हे कुणी लिहून दिलं? म्हणजे परत पाठवणार. चौकशी लावणार." त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "अहो सर, आज शेवटची तारीख! आज संध्याकाळपर्यंत नकार पोचला नाही, तर उद्या यादीतलं पहिलं नाव आपोआप मंजूर. नियमच आहे तसा. अध्यक्ष माझी चामडी सोलतील. अरे, जा, बाईंना बोलाव. पळ!"

शिपाई गेला. भाऊसाहेब पट्टीच्या टोकाने पाकिटाचं तोंड हलक्या हाताने सोडवू लागले. सर उभे राहिले. समोरच्या भिंतीवर मुख्याध्यापकांच्या नावांचा फलक होता. रंगाऱ्याने शेवटचं नाव लिहिलं तेव्हाच, पुन्हा पुन्हा यायला नको म्हणून, खालच्या चार ओळींवर 'श्री.' आधीच लिहून ठेवलं होतं. पुढे जागा रिकामी. हा फलक सर कित्येक वर्षं बघत होते. चारातल्या पहिल्या रिकाम्या जागेवर त्यांची नजर हल्ली जरा रेंगाळायची. आता त्यांनी ती तिथून काढून घेतली.

बाई आल्या त्या हाताला खडू लागलेल्या. दारातच त्यांनी टेबलावर उघडलेलं पाकीट पाहिलं, मग सरांना पाहिलं.

"बाई, पुरुष झालात की हो!" भाऊसाहेब म्हणाले. सुटका जवळ दिसू लागल्यामुळे त्यांना विनोद सुचत होता. "नकार देतो म्हणे! राजेमहाराजेच."

"सरांनी दिलं तसं उतरवलं," बाई म्हणाल्या.

"चूक माझी आहे," सर घाईने म्हणाले. "सपशेल माझी. रात्रभर डोक्यातून गेलं नाही. म्हटलं, काही झालं तरी तुमच्या नावावर चुकीचं वाक्य राहायला नको."

"हो."

"काही मोठं नाही त्यात. 'तो'चा काना तेवढा खोडायचा. मात्रा तशीच राहील. पुढे सही."

"सरांचे उपकार माना," भाऊसाहेब म्हणाले. "नाही तर पत्र परत आलं असतं, आणि झाल्या असतात उद्या मुख्याध्यापक. नकार देऊनही!" ते मोठ्याने हसले.

सरांनी आपलं पेन पुढे केलं. टोपण काढून, मागे खोचून, टोक स्वतःकडे ठेवून, जसं ते मुलांना शिकवत. बाईंनी ते लगेच घेतलं नाही. कोपऱ्यातल्या बादलीत त्यांनी हात बुडवला, खडू धुतला, पदराला पुसला. मग पुन्हा एकदा पुसला. बाहेर प्रार्थनेची पहिली ओळ सुरू झाली.

मग त्या वाकल्या आणि काना खोडला. एकच उभी रेघ, तिच्यावर एक लहानशी तिरकी. बाजूला आद्याक्षरं. त्याखाली तारीख. तारखेतले आकडे त्यांनी नेहमीसारखेच सुरेख काढले.

"झालं?"

"झालं, झालं." भाऊसाहेबांनी डिंक लावला, हाताचा पंजा पाकिटावर दाबून धरला आणि मनातल्या मनात दहापर्यंत मोजलं. शिपाई पाकीट घेऊन गेला. सायकल फाटकाच्या उंबरठ्यावरून खडखडत गेल्याचा आवाज आला.

बाई पेन टेबलावर ठेवून बाहेर पडल्या. सर त्यांच्या मागोमाग व्हरांड्यात आले. प्रार्थना चालू असल्यामुळे दोघांनाही थांबावं लागलं. हात बांधून, शेजारी शेजारी. प्रार्थनेत बोलायचं नसतं. सरांनी ती दोन मिनिटं ताठ उभं राहून काढली, आणि त्या दोन मिनिटांत, कुणीही काही न सांगता, एकेक गोष्ट त्यांच्या मनात आपल्या जागी जाऊन बसू लागली. ऑर्डर आधीच हातात पडली होती. पत्र परत आलं असतं. आजची तारीख. शेवटच्या ओळीवर थांबलेली पेन्सिल. एक अक्षर इकडचं तिकडे करणार नाही.

प्रार्थना संपली. मुलं रांगेने वर्गांकडे निघाली.

"तुम्हाला दिसलं होतं," सर म्हणाले. त्यांना प्रश्न विचारायचा होता, पण तो प्रश्नासारखा उमटला नाही.

"सव्वीस वर्षं वह्या तपासतेय मी."

"मग मला सांगायचंत."

बाईंनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. निदान सरांना ओळखू येईल असा नव्हता. त्यांना खरोखरच नवल वाटत होतं.

"तुम्हाला?" त्या म्हणाल्या.

सरांनी तोंड उघडलं. अशा वेळी म्हणायचं एखादं वाक्य असणार, इतक्या वर्षांत आपण ते कुणासाठी ना कुणासाठी लिहूनही दिलं असणार, असं त्यांना वाटत राहिलं. ते आलं नाही. बाईंनी अंगावरचा खडूचा डाग नखाने खरवडला.

समोरून पहिलीचा वर्ग येत होता. रांगेच्या शेवटी धाकट्या बाई होत्या. एक हात पोटाशी, दुसऱ्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला कागद. ऊन लागू नये, पाणी लागू नये, घडी पडू नये, असा तिने तो धरला होता. मावशी दिसताच तिने भुवया उंचावून विचारलं, झालं ना सगळं? बाईंनी मान हलवली. झालं. तिचा चेहरा उजळला. रांग सोडून ती दोघांच्या जवळ आली.

"अभिनंदन, सर," ती म्हणाली. "मावशी सांगत होती, पत्र तुम्हीच लिहून दिलंत. मला वाटलं होतं, आमच्यासारख्यांसाठी कोण कशाला एवढा त्रास घेतो. आता माझ्या रजेच्या अर्जाचंही तुम्हीच बघायचं हं. माझं लिहिणं अगदीच गचाळ आहे."

"मुलं पुढे गेली बघ," बाई म्हणाल्या.

"हो, जाते." ती निघाली. चार पावलांवर वळून तिने सरांना हसून हात केला, लहान मुलं करतात तसा, बोटं हलवून.

सरांनीही हात वर केला. ती वर्गात शिरून दार लोटेपर्यंत तो वरच होता, आणि मग तो खाली कसा आणावा ते त्यांना सुचेना.